पोरीला बेटावर धाडणारा सम्राट

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे एक संत्रं खाल्लं. म्युझियमच्या दारात कोट टांगायच्या खुंट्या होत्या, त्यांच्याखाली बाक होता, त्यावर बसून. आत खायला बंदी, बाहेर बर्फ. मधल्या त्या जागेत कोणी काही म्हणत नसे. बायकोनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अर्धं मला दिलं, सालं रुमालात बांधली. "यात काही दम नाही," ती म्हणाली. नागपूरच्या माणसानं दुसरीकडच्या संत्र्याला बरं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. मग मी उठलो. मला बसवत नाही. बसला दहा मिनिटं असली तरी मी पाचदा काचेपाशी जाऊन येतो. ती बसून राहायची आणि माझ्याकडे पाहायची.

आता लिहायला बसलो तरी तेच. चार ओळी झाल्या की उठतो, खिडकीशी जातो, परत येतो. मी चौथीपर्यंत शिकलो. ती रात्रीच्या शाळेतून मॅट्रिक झाली होती आणि बालवाडीवर बाई होती. लिहायचं काम तिचं होतं. आता माझ्यावर आलं.

अमेरिकेत ॲन आर्बरला आमचा मुलगा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला आहे. सूनही नोकरी करते. दोघं सकाळी पोरांना शाळेत सोडून गेले की घरात आम्ही दोन म्हातारे आणि गरम हवेचा तो घुं घुं आवाज. मला भिंती खायला उठायच्या. तिनंच शोधून काढलं की अमक्या बसनं गेलं की युनिव्हर्सिटीचं छोटं म्युझियम लागतं, तिकीट नाही, आत ऊब आहे, बसायला बाक आहे आणि संडास स्वच्छ आहे. म्हणून आम्ही जाऊ लागलो. रोमच्या सम्राटांची आम्हाला काही पडलेली नव्हती. आमच्या घरात सम्राट म्हटलं की एकच, लढाई जिंकून रडला तो. बाकीच्यांची नावंही मला माहीत नव्हती आणि आता माहीत आहेत तरी नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून लिहीत नाही.

दगडाची मुंडकी होती तिथं. नाकं फुटलेली. खाली इंग्रजीत पाट्या. ती एकेक अक्षर लावत पाटी वहीत उतरवायची. संध्याकाळी सून पोळ्या लाटत असली की तिच्या बाजूला वही धरून उभी राहायची. सून लाटता लाटता अर्थ सांगायची. पुढच्या खेपेला ती मला त्याच मुंडक्यासमोर उभं करून सगळं ऐकवायची, बालवाडीतल्या पोरांना ऐकवावं तसं.

"यानं स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही कधी," ती म्हणाली. हा पहिला सम्राट. "म्हणे, मी तुमच्यातलाच एक. फक्त पहिला."

"आमच्या पाणीखात्यातल्या जमादारासारखा," मी म्हटलं.

"एकेक अधिकार सभेकडून रीतसर मागून घेतला. फौज त्याची, खजिना त्याचा, पण कागदावर सगळं सभेनं दिलेलं."

"मग तर पक्का चालू माणूस."

"चालू नाही. हुशार. सारे म्हणायचे आमचंच राज्य आहे, अन् ऐकायचे त्याचं."

एका काचेच्या पेटीत शिशाच्या नळाचा तुकडा होता. तो मात्र मी स्वतः शोधला. त्यावर सम्राटाच्या नावाची अक्षरं उठलेली. मी इतका वाकून पाहत होतो की पहारेकरी जवळ आला. मी तीस वर्षं नागपूरच्या पाणीपुरवठ्यात चावीवाला होतो. खांद्यावर लांब लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं आणि लाइन उघडायची. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी, ते साहेब कागदावर ठरवायचे, पण खरं माझ्या मनगटात होतं. बाया मला भाऊ म्हणायच्या, दादा म्हणायच्या, अजून दहा मिनिटं राहू द्या म्हणायच्या. मी म्हणायचो, बघू.

सुनेला विचारून तिनं त्या नळाचंही शोधून आणलं. राजधानीत कोणाच्या घरात नळ द्यायचा, ते सम्राट ठरवायचा. त्याच्या चिठ्ठीशिवाय जोडणी नाही. आणि ज्याला दिला तो मेला की नळ बंद. पोराला हवा तर पोरानं नवा अर्ज करायचा.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "नाहीतर बाप मेला तरी त्याच्या नावावर वापरत राहतात. मी पाहिले ना."

"लोक अर्ज द्यायचे त्याला. म्हातारी बाई असो का शिपाई असो. तो त्याच कागदाखाली उत्तर लिहायचा आणि तो कागद भिंतीवर लावायचे, साऱ्यांनी वाचावा म्हणून."

"उत्तर पाहिजेच. हो तर हो, नाही तर नाही."

"तुमचं तिसरंच असते," ती म्हणाली. "बघू."

तिथं एक दगडी फळी होती, लेख कोरलेली. मधली एक ओळ छिन्नीनं खरवडून काढली होती. कोणावर राग धरला की त्याचं नाव असं सगळ्या दगडांवरून काढायचे, हुकूमच निघायचा. तिथं ती फार वेळ उभी राहिली. मी दोनदा पुढच्या खोलीत जाऊन आलो तरी तिथंच.

"काय पाहून राहिली एवढं? काही लिहिलेलं नाही तिथं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "जिथं खोलगट झालं तिथंच नजर जाते. आपल्या पोराच्या लग्नाच्या पत्रिकेत लोकांनी आधी तेच पाहिलं होतं."

मी तिसऱ्यांदा पुढच्या खोलीत गेलो. ते काय होतं ते आता सांगतो, कारण न सांगता पुढचं कळणार नाही.

आम्हाला मुलाच्या वरची एक मुलगी आहे. तिनं आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा दुसऱ्या जातीचा, वरच्या. आमच्याकडे जात मानत नाहीत. विहारात, सभेत, जात मोडायची असेल तर अशी लग्नं झाली पाहिजेत असं कोणी बोललं की मीच पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायचो. पण तो मुलगा ज्या घरातला होता, त्या घरासमोरचा व्हॉल्व्ह माझ्याकडे होता. उन्हाळ्यात त्या घरची म्हातारी मला प्यायला पाणी द्यायची ते वरून ओतून, ओंजळीत. भांडं लागू द्यायची नाही. त्यांच्या नळाला पाणी आणणारा मी, आणि मला ओंजळ. म्हातारी मेली, जग बदललं, पोरगा चांगला आहे, हे सगळं मला सगळ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, त्या घरात माझी पोरगी पाण्याचा हंडा उचलणार नाही. ती गेली. मी रेशन कार्डावरून तिचं नाव कमी करून आणलं, स्वतः रांगेत उभा राहून. घरात सांगितलं, आजपासून या घरात तिचं नाव निघणार नाही. मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत भाच्यांची, पुतण्यांची, चुलत मामांची नावं होती. तिचं नव्हतं. अकरा वर्षं झाली.

आणि गंमत पाहा, गंमत कसली, पण अमेरिकेत माझं काहीच चालत नव्हतं. घर किती गरम ठेवायचं ते मुलगा ठरवणार. केस कापायचे तर सून गाडीनं नेणार. रस्ता ओलांडायचा तर खांबावरचं बटण दाबून उभं राहायचं. टीव्हीचे दोन रिमोट, त्यातला कोणता कशाचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. फक्त तो एक हुकूम तेवढा चालत होता. समुद्र ओलांडून आला होता. मुलगा माझ्यासमोर ताई हा शब्द उच्चारायचा नाही.

मला माहीत होतं की बायको पोरीला फोन करते. दर गुरुवारी सकाळी, मी फिरायला बाहेर पडलो की. मी म्हणून गुरुवारी जास्त फिरायचो. थंडीत कान गळून पडायची वेळ यायची, पण पार्किंगला दोन चकरा जास्तीच्या मारायचो. मी हे तिला सांगितलं नाही. तिनं मला सांगितलं नाही. चाललं होतं.

एक दिवस तिनं वहीतून नवीनच काढलं. त्या पहिल्या सम्राटानं आपली सख्खी पोरगी बेटावर धाडली होती. एकुलती एक. तिच्या वागण्यानं बापाची लाज गेली म्हणून. बेटावर दारू नाही, आणि याच्या परवानगीशिवाय कोणा पुरुषानं तिथं उतरायचं नाही.

"बरोबर केलं," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

त्या दिवशी ती बसमध्ये माझ्या शेजारी बसली, पण पिशवी मधे ठेवून.

आता पुन्हा त्या शेवटच्या दिवसावर येतो. बुधवार होता. संत्रं खाऊन आम्ही बसमध्ये चढलो. खिडकीशी ती, कडेला मी. माझा एक पाय सीटबाहेरच, कारण स्टॉप चुकेल असं मला नेहमी वाटतं. ती म्हणाली, "त्या पोरीचं पुढचं ऐकता का?"

"कोणत्या?"

"बेटावरच्या. लोक त्याच्याकडे गेले, म्हणाले, पोरीला परत आणा. एकदा नाही, किती वेळा. तो चिडला. म्हणाला, तुम्हाला अशाच पोरी होवोत."

"मग?"

"मग पाच वर्षांनी तिला बेटावरून काढलं. घरी नाही आणलं. दुसऱ्या एका गावात ठेवलं. मेल्यावर आपल्या थडग्यात तिला जागा द्यायची नाही असंही लिहून गेला." तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "पण बेटावरून काढलं. एवढं तरी केलं त्यानं. सगळ्या दुनियेचा मालक होता, त्याला कोण विचारणार होतं?"

मी म्हटलं, "आपला स्टॉप आला का?"

"नाही आला. बसा. उद्या गुरुवार आहे. मी फोन लावते. तुम्ही फिरायला जाऊ नका. काही बोलायचं नाही, नुसतं हॅलो म्हणा. ती समजून जाईल."

म्हणजे माझ्या फिरण्याचंही तिला माहीत होतं. मी बस थांबवायची दोरी ओढली. घंटी वाजली, पण आमचा स्टॉप पुढचा होता. ड्रायव्हरनं बस थांबवली, म्हणून उतरावंच लागलं. बर्फातून एक स्टॉप चालत घरी आलो. ती मागून, हळू. मी पुढे. मधे एकदा तिनं हाक मारली, "अहो, उत्तर द्या ना." मी मागे न वळता म्हटलं, "बघू."

घरी येऊन ती म्हणाली, डोकं जड झालं, जरा पडते. मी पार्किंगमध्ये चकरा मारायला गेलो. आलो तर चार वाजले होते आणि चहा नव्हता. मी दारातून म्हटलं, "चहा नाही का आज?" दुसऱ्यांदा जरा जोरात म्हटलं. मग आत गेलो.

फोनजवळ मुलानं तीन आकडे लिहून चिकटवले होते, ते दाबले. पत्ता इंग्रजीत तिनंच माझ्याकडून पाठ करून घेतला होता. तो सांगितला. गाडी आली. हॉस्पिटलमध्ये मुलगा आला, सून आली. डॉक्टर म्हणाला डोक्यात रक्त फुटलं आहे. सहा वाजता तो पुन्हा बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच कळलं. इंग्रजी समजायची गरज पडली नाही.

मुलगा कॉरिडॉरमध्ये उभा राहून फोन करत होता. तिकडे नागपूरला पहाट. काकाला उठवलं, मामाला उठवलं, विहाराच्या सेक्रेटरीला सांगितलं, तिच्या बालवाडीतल्या जुन्या बाईंना सांगितलं. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. नर्सनं दोनदा खुर्ची दाखवली. मी चालतच होतो. शेवटी मुलगा माझ्यासमोर आला. डोळे लाल. त्यानं त्या दिवशी हॉस्पिटलचे सगळे कागद वाचून सह्या केल्या होत्या, आईला पांढऱ्या साडीत ठेवायचं त्यानं ठरवलं होतं, कधी न्यायचं, कुठं न्यायचं, वंदना कोण घेईल, सगळं त्यानं ठरवलं होतं. मला एकही गोष्ट विचारली नव्हती आणि विचारावी अशी माझी अपेक्षाही नव्हती.

तो म्हणाला, "बाबा, अजून एक फोन राहिला. करू का?"

दोन पोरांचा बाप, अडतीस वर्षांचा माणूस. आपली आई गेल्याचं आपल्या बहिणीला सांगायला माझी परवानगी मागत होता. मी एकदा बोललो होतो, अकरा वर्षांपूर्वी, रागात, हातात रेशन कार्ड होतं. त्यानंतर कधी कोणी मला विचारलं नाही की ते अजून लागू आहे का. मी तो हुकूम उठवला नाही, म्हणून चालू राहिला. तो सम्राट त्या बेटावर रोज उभा राहत नव्हता. त्याला गरजच नव्हती. बाकीचे राखत होते.

हे मला तेव्हा असं सुचलं नाही. तेव्हा मी फक्त बोललो. तीस वर्षांची सवय. म्हटलं, "बघू."

तो मान हलवून गेला. त्यानं फोन खिशात ठेवला.

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. एक सांगतो, मी घड्याळात साडेदहा तास मिळवत होतो. इथं आठ, तिथं सकाळचे साडेसहा. इथं बारा, तिथं साडेदहा. तिकडे दिवस चढत होता. आमच्या वस्तीत आतापर्यंत सगळ्यांना कळलं असणार. बाया दारात जमल्या असणार. पण पोरगी राहते शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्या कॉलनीत आमचं कोणी जात नाही. किंवा जाईल. भाजीवाल्याजवळ कोणीतरी म्हणेल, अगं, तुझी आई गेली ना? असं कळेल तिला. नाहीतर कळणारच नाही आणि ती गुरुवारच्या फोनची वाट पाहत बसेल. दोन्ही मला सहन होत नव्हतं.

उजाडलं तसा मी खाली आलो. सून ओट्याशी उभी होती. चहाचं पातेलं होतं, गॅस पेटवलेला नव्हता.

मी म्हटलं, "ते फोनचं कार्ड कुठं ठेवत होती ती?"

सून माझ्याकडे पाहत राहिली. मग ड्रॉवर उघडून तिनं कार्ड काढलं; त्यावरचे आकडे दाबले की ठरलेली मिनिटं भारतात बोलता यायचं. म्हणाली, "मीच आणून द्यायची आईंना, इंडियन स्टोअरमधून. बाबा, मी डायल करून देते."

"नको. तू आकडे सांग. मी दाबतो."

आकडे फार होते. एकदा चुकलो. लाइनीवरची रेकॉर्डवाली बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली आणि लाइन कटली. पुन्हा पहिल्यापासून. सून एकेक आकडा सांगत होती, कागद न पाहता. म्हणजे तिलाही पाठ होता. वरून मुलगा आला आणि जिन्यातच थांबला.

तिकडे घंटी गेली. उचलला.

"हां आई, बोल. आज लवकर केला का?"

अकरा वर्षांनी ऐकला तो आवाज. वयानं भरला होता जरा.  लाइनीत खरखर.

"आई? ऐकू येत नाही का?"

"आई नाही," मी म्हटलं. "मी."

ती मग म्हणाली, "बाबा?" आणि लगेच, "आईला द्या."

मला आडवळणानं बोलता येत नाही. मी सरळ सांगितलं. आई गेली. डोक्यात रक्त फुटलं. त्रास झाला नाही, झोपेतच होती.

"कधी?"

"काल. तुमच्याकडे पहाटे."

"पहाटे? बाबा, इथं आता संध्याकाळ झाली आहे."

लाइन लागत नव्हती असं म्हणता आलं असतं. मुलगा जिन्यात उभा होता, त्यानंही मान डोलावली असती. मी म्हटलं, "तुझा भाऊ रात्रीच करत होता. मी करू दिला नाही."

तिनं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. सगळे आकडे पुन्हा. या वेळी सून सांगायच्या आत काही माझ्या बोटांना आले. घंटी वाजत राहिली, कोणी उचललं नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, मी थोड्या वेळानं करतो. तुम्ही बसा." मी म्हटलं, "सरक." तिसऱ्यांदा लावला.

एका पुरुषानं उचलला. मी त्याचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. पण कोण ते कळलं.

"मी तिचा बाप बोलतो," मी म्हटलं.

"हो, बाबा," तो म्हणाला. काका नाही म्हणाला. "ती आत आहे. आत्ता नाही येणार ती."

"तिला सांगा, मी लाइनवर आहे. ती येईपर्यंत आहे. शिव्या द्यायच्या असल्या तरी ये म्हणावं."

त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्या घरातले आवाज येऊ लागले. कुठंतरी दार लागलं. तो काहीतरी समजावून सांगत होता, हळू. कोणाच्या तरी चपला वाजल्या, जवळ आल्या, थांबल्या. मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून ओट्याला टेकलो होतो. सून हळूच म्हणाली, "बाबा, कार्डात नऊ मिनिटं उरली असतील फक्त."

मी म्हटलं, "दुसरं काढून ठेव."